घड्याळ बघायला रांग नको: कर्नलमधली लेटन्सी मोजायला शिकणाऱ्यांसाठी

पीथमपूरच्या एका कारखान्यात पाकिटं तपासणारी लाइन होती. वाकडं पाकीट सेन्सरला दिसलं की पुढच्या नळीतून हवेचा फवारा सुटायचा आणि ते पट्ट्यावरून बाहेर पडायचं. दिवसातून दहा-बारा वेळा फवारा किंचित उशिरा सुटायचा. वाकडं पाकीट पुढे निघून जायचं आणि त्याच्या मागचं निर्दोष पाकीट उडायचं. लाइनवरच्या पीसीत लिनक्स होतं. उशीर, म्हणजे लेटन्सी, कुठे होतो ते शोधायला मी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) स्वतःच्या नोंदी घुसवल्या, अगदी एनएमआयच्या, म्हणजे बंद करता न येणाऱ्या इंटरप्टच्या (हार्डवेअरच्या हाकेच्या), हँडलरातसुद्धा. उशीर सापडायच्या आधी पीसीच दिवसाआड गोठायला लागला. कीबोर्ड मेला, नेटवर्क मेलं, लॉगमध्ये एक ओळ नाही. चार दिवस मी रॅम बदलत बसलो. दोष माझ्या नोंदीत होता, वेळ विचारायला मी चुकीचं फंक्शन बोलावलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं.

हल्ली रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे कॉलेजची दोन-तीन मुलं येतात. पोहे-जिलबी झाली की लॅपटॉप उघडतो. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. तुमच्याकडे लिनक्स घातलेला एखादा जुना लॅपटॉप आणि त्याचा रूट पासवर्ड हवा. व्हर्च्युअल मशीनवर सराव करू नका. तिथे खालचा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) तुमचा सीपीयू मध्येच काढून घेतो आणि तो उशीर तुमच्या कर्नलच्या नावावर चढतो. फाइलींची आणि फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना अर्थात रोमन अक्षरं वापरायची.

पायरी १: यंत्रात कुठलं घड्याळ चालू आहे ते बघा

/सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स० या फोल्डरात करंट_क्लॉकसोर्स नावाची फाइल आहे. ती वाचा. इंटेल किंवा एएमडीचा साधा लॅपटॉप असेल तर उत्तर बहुधा टीएससी येईल. शेजारच्या अव्हेलेबल_क्लॉकसोर्स फाइलीत एचपीईटी आणि एसीपीआय_पीएम अशी आणखी नावं दिसतील.

टीएससी हा सीपीयूच्या आतला मोजणारा आकडा आहे. १९९३ च्या पेंटियमपासून तो मिळतो आणि एका सूचनेत वाचता येतो. पूर्वी सीपीयूचा वेग बदलला की याचाही वेग बदलायचा, सीपीयू गाढ झोपला की हाही थांबायचा. आता तसं होत नाही, पण खात्री करून घ्या. /प्रोक/सीपीयूइन्फोच्या लांबलचक फ्लॅग्समध्ये कॉन्स्टंट_टीएससी आणि नॉनस्टॉप_टीएससी हे दोन शब्द शोधा. दोन्ही असतील तर पुढे चला. बूटच्या संदेशांत टीएससी ‘अनस्टेबल’ ठरवल्याची ओळ असेल, तर कर्नलच्या पहारेकऱ्याने त्याला दुसऱ्या घड्याळाशी ताडून बाद केलंय. अशा मशीनवर लेटन्सी मोजणं म्हणजे ताणलेल्या टेपने कापड मोजणं.

पायरी २: घड्याळ वाचण्याची किंमत स्वतः मोजा

ही पायरी मुलं टाळतात. टाळू नका, पंधरा मिनिटांचं काम आहे. सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहा: क्लॉक_गेटटाइम हे फंक्शन मोनोटॉनिक (मागे न जाणाऱ्या) घड्याळासाठी दहा लाख वेळा बोलवा आणि एकूण वेळेला दहा लाखांनी भागा. टीएससी असेल तर दर वाचनाला साधारण वीस-तीस नॅनोसेकंद पडतील. आता रूट होऊन करंट_क्लॉकसोर्समध्ये एचपीईटी लिहा आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवा. आकडा मायक्रोसेकंदाच्या घरात जातो. प्रयोग झाला की टीएससी परत लिहायला विसरू नका.

एचपीईटी सीपीयूच्या बाहेर असतो आणि सगळ्या कोअरना मिळून एकच असतो. प्रत्येकाला तिथपर्यंत जाऊन वाचावं लागतं. शिवाय त्याचा ठोका साधारणपणे १४.३१८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सुमारे ७० नॅनोसेकंदांचा. त्याहून बारीक काही दिसायचंच नाही. सेकंदाला एक लाख घटना नोंदवायच्या आणि प्रत्येकीला एक मायक्रोसेकंद फक्त वेळ विचारण्यात घालवायचा म्हटलं तर एका कोअरचा दहावा हिस्सा घड्याळ बघण्यातच गेला.

पायरी ३: कुलूप कुठे आहे ते समजून घ्या

इथे जरा बसा. बाकी सगळं यावर उभं आहे.

टीएससी नुसते ठोके देतो. ठोक्यांचे नॅनोसेकंद करायला कर्नल एक गुणक आणि एक शिफ्ट ठेवतो: ठोके गुणिले गुणक, मग उजवीकडे शिफ्ट, म्हणजे तितके बिट सरकवणं. भागाकार महाग म्हणून ही युक्ती. २.५ गिगाहर्ट्झचा टीएससी घ्या. एक ठोका ०.४ नॅनोसेकंदाचा. शिफ्ट २४ धरली तर गुणक ०.४ गुणिले १,६७,७७,२१६ (२ चा २४ वा घात), म्हणजे ६७,१०,८८६ (पुढचा अपूर्णांक गेला). आता २,५०० ठोक्यांचे बरोबर १,००० नॅनोसेकंद यायला हवेत. करून बघा: गुणाकार १६,७७,७२,१५,००० येतो आणि शिफ्ट केल्यावर हातात ९९९ पडतात. एक नॅनोसेकंद वाटेत सांडला. म्हणून कर्नल शिफ्ट करून उरलेला भाग फेकत नाही, पुढच्या हिशोबात धरतो. हा गुणाकार ६४ बिटांत मावायलाही हवा. आपल्या उदाहरणात सुमारे १,१०० सेकंदांनी तो ओसंडेल. त्यामुळे कर्नलला अधूनमधून ‘इथपर्यंतचा हिशोब झाला’ अशी नोंद करून पाया पुढे सरकवावाच लागतो. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने) वेळ जुळवली की गुणकही किंचित बदलतो.

म्हणजे पाया, गुणक आणि शेवटचा ठोका असे तीन-चार आकडे एकत्र बदलतात. वाचणाऱ्याच्या हाती अर्धे जुने आणि अर्धे नवे लागले तर वेळ भलतीच येईल.

सराफ्यातली भावाची पाटी डोळ्यांपुढे आणा. रात्रीचा सराफा नव्हे, भुट्ट्याचा कीस आणि गराडूवाला. दिवसाचा, सोन्या-चांदीचा. मुनीमजी पाटी पुसून नवा भाव लिहिताहेत. नियम असा की पाटीवर खडूचा हात असेल तोवर गिऱ्हाइकाने थांबायचं. कर्नलचं नेहमीचं फंक्शन, के-टाइम-गेट, असंच चालतं. हिशोबाशेजारी एक क्रमांक असतो. बदल सुरू झाला की तो विषम होतो, संपला की सम. वाचणारा विषम दिसला की थांबतो, सम दिसला की वाचतो आणि शेवटी क्रमांक तोच आहे ना ते पुन्हा बघतो. गिऱ्हाईक वेगळं आणि मुनीम वेगळा असेल तोवर छान चालतं, थांबणं मायक्रोसेकंदाहून कमीच असतं.

आता मुनीमजी अर्धी पाटी लिहून झालेत आणि शेठजींनी त्यांनाच हाक मारली, ‘भाव काय चाललाय? आधी सांगा, मग लिहा.’ मुनीमजी पाटीकडे बघतात. पाटी अर्धवट आहे, म्हणजे थांबायला हवं. पण ती पूर्ण करणारेही तेच आणि शेठजी सोडत नाहीत. दोघं तिथेच म्हातारे होणार.

एनएमआय हे आपले शेठजी. साधे इंटरप्ट कर्नल बदलाच्या वेळी त्या कोअरवर बंद ठेवतो, त्यामुळे त्यांच्या हँडलरात के-टाइम-गेट बिनधास्त वापरा. एनएमआय बंद होत नाही. तो नेमका बदलाच्या मध्ये आला आणि त्याने वेळ विचारली की तो कोअर कायमचा गोल फिरत राहतो. क्रमांक विषमच राहतो, म्हणून वेळ विचारणारे बाकीचे कोअरही एकेक करून त्यात अडकतात. पीथमपूरचा पीसी असा गोठत होता. बदल मायक्रोसेकंदाचा, एनएमआय काही सेकंदांनी एकदा, म्हणून गाठ दिवसाआड पडायची. एनएमआय नसला तरी हाच घोळ होऊ शकतो: ट्रेसर (कर्नलमध्ये काय कधी झालं याची नोंद, म्हणजे ट्रेस, ठेवणारं साधन) कुठल्याही फंक्शनला चिकटतो, आणि ते फंक्शन नेमकं वेळेचा बदल करतानाच बोलावलेलं असलं की मुनीमजी स्वतःलाच भाव विचारताहेत.

उपाय सराफ्यातलाच: दोन पाट्या ठेवा. पहिली पुसताना गिऱ्हाइकाने दुसरी वाचायची, दुसरी पुसताना पहिली. कर्नलमध्ये याला लॅच म्हणतात. लिहिणारा क्रमांक एकाने वाढवतो, तो विषम होतो आणि वाचणारे दुसऱ्या प्रतीकडे वळतात. मग तो पहिली प्रत बदलतो, क्रमांक पुन्हा वाढवून सम करतो, वाचणारे पहिलीकडे येतात आणि तो निवांत दुसरी बदलतो. वाचणाऱ्याने क्रमांकाचा शेवटचा बिट बघायचा, त्या प्रतीवरून हिशोब करायचा आणि क्रमांक बदललाय का ते तपासायचं. बदलला असेल तर पुन्हा. एनएमआय मध्येच आला तर लिहिणारा गोठलेला असतो, क्रमांक हलत नाही, म्हणून पहिल्याच फेरीत उत्तर मिळतं. कुणी कुणासाठी थांबत नाही.

थॉमस ग्लाइक्सनरने हे २०१४ साली लिनक्सच्या ३.१७ आवृत्तीत आणलं. फंक्शनाचं नाव के-टाइम-गेट-मोनो-फास्ट-एनएस (मूळ नावात के आणि टाइम जोडलेले, बाकी शब्दांमध्ये अंडरस्कोर). ईबीपीएफचं (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायच्या सोयीचं) वेळ विचारणारं नेहमीचं फंक्शनही आतून यालाच बोलावतं.

यात एक खोट आहे. गुणक कमी होत असताना आलेला एनएमआय जुन्या पाटीवरून, म्हणजे जुन्या जास्त वेगाने हिशोब करतो. त्याच्या नंतरचा वाचक नव्या पाटीवरून करतो. नंतरच्याची वेळ आधीच्याहून काही नॅनोसेकंद मागची निघू शकते. कर्नलच्या सोर्समध्ये त्या फंक्शनाच्या डोक्यावर आकृती काढून हे सांगितलंय, एकदा उघडून बघाच. न थांबणाऱ्या घड्याळाची ही किंमत आहे आणि मला ती स्वस्त वाटते.

पायरी ४: ट्रेससाठी घड्याळ निवडा

/सिस/कर्नल/ट्रेसिंग मध्ये ट्रेस_क्लॉक ही फाइल वाचा. एका ओळीत नावं येतील आणि चालू असलेलं चौकोनी कंसात असेल. बहुतेकांकडे ते लोकल असतं. लोकल सगळ्यांत हलकं, पण प्रत्येक कोअरचं आपापलं. टीएससी धड असेल तर कोअरांचे आकडे जुळतात, नसेल तर एका कोअरवर जागी झालेली प्रोसेस दुसऱ्या कोअरवर ‘आधीच’ धावलेली दिसते. घड्याळ बेभरवशाचं वाटलं तर नवे कर्नल स्वतःहून ग्लोबलवर जातात. ग्लोबल सगळ्या कोअरांत क्रम राखतं आणि त्यासाठी एक लॉक वापरतं. २०२१ मध्ये स्टीव्हन रोस्टेडने ते बदललं, लॉक मिळालं नाही तर आता ते ताटकळत नाही. काउंटर म्हणजे वेळ नव्हेच, नुसता क्रमांक. आधी कोण आणि नंतर कोण एवढंच हवं असेल तर उत्तम.

नवख्यांनी मोनो घ्यावं. ते वरचं लॅचवालं फंक्शनच वापरतं. मुख्य फायदा असा की तुमचा प्रोग्राम क्लॉक_गेटटाइमने जी मोनोटॉनिक वेळ घेतो तीच ही, त्यामुळे प्रोग्रामचा लॉग आणि कर्नलचा ट्रेस शेजारी ठेवून वाचता येतो. एनटीपीची ओढाताण नको असेल तर मोनो_रॉ. लॅपटॉप झोपला तो वेळही धरायचा असेल तर बूट. भिंतीवरची खरी वेळ लेटन्सीसाठी कधीच वापरू नका, ती उडी मारते.

घड्याळ बदललं की ट्रेसचा बफर रिकामा होतो. आधी घड्याळ, मग ट्रेस. उलट केलंत तर तासाभराची नोंद जाईल. माझी गेली आहे.

पायरी ५: तुमच्या कोडमध्ये नोंद घ्यायची असेल तर

बहुतेकांना याची गरज नसते, तयार इव्हेंट (कर्नलमध्ये आधीच पेरलेल्या नोंदीच्या जागा) पुरतात. तरी कर्नलमध्ये घालायचं मॉड्यूल लिहीत असाल तर एवढं पाळा. एनएमआय किंवा ट्रेसरच्या वाटेवर फक्त फास्ट नावाची फंक्शनं. इतरत्र साधं के-टाइम-गेट. ‘फास्ट’ या शब्दाला भुलून सगळीकडे तेच वापरू नका, कारण साधं फंक्शन वेळ मागे जाऊ देत नाही.

आणि वजाबाकी करताना चिन्ह सांभाळा. माझ्याकडच्या एका मुलाने दोन वेळांचा फरक बिनचिन्हाच्या ६४ बिटांत ठेवला. फरक आला उणे ३ नॅनोसेकंद, छापलं गेलं १८४४६७४४०७३७०९५५१६१३. त्याने वर्षं काढली, ५८४. ‘काका, होळकर इंदुरात यायच्या कितीतरी आधीपासून ही प्रोसेस थांबलीये!’ पोहे खाता खाता सगळे हसले, पण त्या एका आकड्याने त्याच्या सरासरीचा पार चुथडा केला होता. फरक चिन्हासकट घ्या. उणे आला तर शून्य धरा आणि असे किती आले ते वेगळं मोजा. दोन-चार आले तर लॅचची खोट, शेकड्याने आले तर पहिल्या पायरीवर परत जा.

पायरी ६: ट्रेस घ्या आणि वाचा

ट्रेसिंग_ऑनमध्ये ० लिहा. ट्रेस_क्लॉकमध्ये मोनो लिहा. इव्हेंट्स/शेड या फोल्डरात शेड_वेकिंग आणि शेड_स्विच अशी दोन फोल्डरं आहेत, दोन्हींतल्या एनेबलमध्ये १ लिहा. ट्रेसिंग_ऑनमध्ये १, तुमचं काम चालवा, पुन्हा ०. मग ट्रेस ही फाइल वाचा.

प्रत्येक ओळीत प्रोसेसचं नाव आणि क्रमांक, चौकोनी कंसात कोअर, मग अक्षरांचा छोटा गुंता, मग सेकंदांत वेळ. गुंत्यातला डी म्हणजे इंटरप्ट बंद होते, एच म्हणजे हार्डवेअर इंटरप्टच्या आत होतो, एन म्हणजे दुसऱ्याला सीपीयू द्यायची वेळ झाली आहे. समजा तुमच्या प्रोसेसची वेकिंगची ओळ ८१२३.४४१८७० ला आहे आणि तिला सीपीयू देणारी स्विचची ओळ ८१२३.४४१९१२ ला. फरक ४२ मायक्रोसेकंद. ‘उठ’ म्हटल्यापासून उठेपर्यंतची ही लेटन्सी. छापताना सहाच दशांश दिसतात, आत मात्र नॅनोसेकंद साठवलेले असतात. तेही काटकसरीने: दर नोंदीत पूर्ण वेळ न ठेवता आधीच्या नोंदीपासूनचा फरक २७ बिटांत. २७ बिटांत सुमारे १३४ मिलिसेकंद मावतात, त्याहून जास्त शांतता गेली तर वेळेची एक मोठी नोंद वेगळी टाकली जाते.

इंटरप्ट किती वेळ बंद राहतात ते बघायला आयआरक्यूएसऑफ ट्रेसर आहे, पण बऱ्याच तयार कर्नलांत तो घातलेला नसतो. अव्हेलेबल_ट्रेसर्स फाइलीत बघून घ्या. कर्नल ५.१४ किंवा नंतरचा असेल तर टाइमरलॅट शोधा. तो टायमर लावून इंटरप्ट किती उशिरा आला आणि त्यानंतर थ्रेड किती उशिरा धावला हे वेगवेगळं सांगतो. दोन्ही ट्रेसर सापडले नाहीत तरी अडत नाही, वरच्या दोन इव्हेंटांत दहापैकी आठ चोर सापडतात.

पायरी ७: स्पाइक (अचानक मोठा उशीर) आला की ट्रेस तिथेच थांबवा

ट्रेसचा बफर गोल असतो. भरला की जुनं पुसून नवं लिहितो. दुपारी तीनला झालेला उशीर सहाला बघायला गेलात तर तिथे सहाचाच कचरा असणार. बफर_साइझ_केबी वाढवून थोडा काळ मिळतो, पण खरी युक्ती वेगळी आहे. तुमच्या प्रोग्रामला स्वतःचा उशीर कळतो ना? मग उशीर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की त्यानेच आधी ट्रेस_मार्करमध्ये एक ओळ लिहावी आणि लगेच ट्रेसिंग_ऑनमध्ये ०. दोन्ही फाइली सुरुवातीलाच उघडून ठेवा, ऐन वेळी उघडायला गेलात तर तिथेही वेळ जातो.

पीथमपूरला शेवटी मी हेच केलं. एनएमआयमधल्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या, मोनो लावलं, दोन इव्हेंट चालू केले आणि मर्यादा १० मिलिसेकंदांची ठेवली. संध्याकाळी चारच्या सुमारास ट्रेस थांबला. खालून वर वाचत गेलो. मार्करची ओळ, त्याआधी सेन्सर वाचणाऱ्या थ्रेडला सीपीयू मिळाल्याची, आणि तिच्या २१ मिलिसेकंद आधी त्याच थ्रेडची वेकिंग. मधल्या सगळ्या ओळी त्याच कोअरवर आळीपाळीने धावणाऱ्या सहा प्रोसेसच्या, सहाही लॉग झिप करणाऱ्या. पट्टा सेकंदाला दोन मीटर धावत होता. २१ मिलिसेकंदांत तो चार सेंटिमीटर पुढे जातो, जवळजवळ एका पाकिटाइतका. लॉग दर दोन तासांनी फिरवायची (जुना झिप करून नवा सुरू करायची) ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, मीच लिहिली होती. दिवसाला बारा वेळा.

सेन्सरच्या थ्रेडला फिफो प्राधान्य (साध्या प्रोसेसच्या आधी सीपीयू मिळवून देणारं) दिलं, झिपवाल्यांना दुसऱ्या कोअरवर बसवलं, आणि मग दोन्ही एनेबलमध्ये ० लिहून ट्रेस_क्लॉक परत लोकल केलं.